नकली कॅसेटचा अस्सल इतिहास

'कार्ट्रिज' हा शब्द मी इंजिनिअरिंगला गेल्यावर ऐकला. आमच्या सोनारीत (ता. परांडा) सगळे कॅसेटच म्हणायचे. भैरवनाथाच्या यात्रेत खेळण्यांच्या दुकानांत मिळायच्या, मग वर्षभर पोरांत अदलाबदल. आता सुट्टीच्या दिवशी मी त्याच जमवतो.

थोडा इतिहास. निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये 'फॅमिकॉम' आणला. नकली कॅसेट अडवणारी चिप त्यात नव्हतीच. ती आली १९८५च्या अमेरिकन मॉडेलमध्ये. मग फॅमिकॉमची ६० पिनांची रचना तैवान-चीनच्या कारखान्यांनी उचलली, आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या टीव्हींना जोडला गेला तो बहुतेक हाच नकली डबा.

जगभरचे संग्राहक ओरिजिनल कॅसेटसाठी हजारो रुपये मोजतात. आपल्या '९९९९ इन १'ला कोण विचारतो? आत मोजकेच गेम, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने! पण गंमत बघा, ४० केबीचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) हरवणं आता अशक्य, इतक्या ठिकाणी तो जपलाय. नकली कॅसेटचा मेनू, बदललेली नावं, वरचं भलतंच चित्र मात्र बऱ्याचदा कॅसेटबरोबरच भंगारात जातं. त्यावर बनवणाऱ्याचं नावसुद्धा नसतं. आणि आपण खेळलो ते तर हेच!

तेव्हा माळ्यावरची कॅसेट फेकू नका. फुंकरही मारू नका, ओलाव्याने पिना गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, जमलं तर आतला डेटा उतरवून घ्या. ओरिजिनल जपायला जग आहे, हे आपल्यालाच जपावं लागणार.