करटक-दमनकापासून कलीला-दिम्नापर्यंत



एखादे मूल बसल्या जागी मनोराज्ये करू लागले, की घरातील वडीलधारी माणसे त्याला 'शेखचिल्ली' म्हणतात. डोक्यावर अंड्यांची टोपली घेऊन निघालेला हा शेखचिल्ली तुम्हांला ठाऊक आहेच. अंड्यांच्या कोंबड्या होतील, कोंबड्या विकून बकऱ्या येतील, बकऱ्यांच्या म्हशी, मग निकाह, मग मुले! मूल पैसे मागू लागते, हा रागाने मान झटकतो आणि टोपली धुळीस मिळते. गोष्ट ऐकून आपण हसतो. परंतु हिचे कुळ किती जुने व किती देशांत पसरलेले आहे, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

संस्कृत 'पंचतंत्रा'त अशीच एका कंजूष ब्राह्मणाची कथा आहे. त्याने सातूच्या पिठाचे मडके खुंटीला टांगलेले असते. स्वप्नाच्या भरात तो लाथ मारतो, मडके फुटते व तो पिठाने पांढरा होतो. अरबी ग्रंथात याच जागी एक फकीर असून त्याच्या मडक्यात मध व तूप आहे. फ्रेंच कवी ला फोंतेन याने १६७८ साली प्रसिद्ध केलेल्या कथासंग्रहात दुधाची घागर डोक्यावर घेतलेली गवळण आहे. वेश बदलला, भांडे बदलले, माणसाचा स्वभाव मात्र तोच राहिला.

ही कथा इतक्या दूर पोहोचली कशी? त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

सहाव्या शतकात इराणवर खुस्रो अनुशिर्वान राज्य करीत होता. आपल्याकडे त्याला नौशेरवान म्हणतात. त्याच्या दरबारी असलेल्या बुर्जुया नावाच्या हकीमाने पंचतंत्र पहलवी भाषेत नेले. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, आठव्या शतकाच्या मध्यास, इब्न अल-मुकफ्फा याने पहलवी ग्रंथाचा अरबी अनुवाद केला. मूळ कथेतील करटक व दमनक हे दोन कोल्हे येथे 'कलीला' व 'दिम्ना' झाले आणि ग्रंथालाही तेच नाव मिळाले. पंचतंत्रात सिंह व बैल यांच्यात वैर पेटविणारा दमनक शिक्षेवाचून सुटतो. अरबी ग्रंथात मात्र दिम्नावर खटला चालतो व त्याला शिक्षा होते. हे प्रकरण इब्न अल-मुकफ्फाने स्वतः जोडले असे मानतात.

या अरबी ग्रंथाला पुढे अनेक वाटा फुटल्या. दहाव्या शतकात रूदकीने त्याला फारसी पद्यात आणले. अकराव्या शतकात तो ग्रीक भाषेत गेला, त्यानंतर हिब्रूत, आणि हिब्रूवरून तेराव्या शतकात लॅटिनमध्ये. १५७० साली टॉमस नॉर्थने त्याला इंग्रजी रूप दिले. दुसरी वाट हिंदुस्थानाकडे परतली. हेरातच्या हुसेन वाइज काशिफीने फारसीत 'अन्वार-इ-सुहैली' लिहिला. तो अधिक सोपा करावा म्हणून अकबर बादशहाच्या आज्ञेने अबुल फजलने १५८८ साली 'इयार-इ-दानिश' सिद्ध केला. म्हणजे हजार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेली लेक नवे कपडे लेवून माहेरी आली. इकडे आपल्या महाराष्ट्रात याच कथांचे 'पंचोपाख्यान' १८२२ साली मुंबईत मराठीत छापले गेले.

वाचकहो, या साखळीतील एक दुवा नीट पाहण्यासारखा आहे. इब्न अल-मुकफ्फा हा इराणातील फार्स प्रांताचा. अरबी ही त्याची मातृभाषा नव्हे. त्याने ती मेहनतीने कमावली. तरीही अरबी गद्याच्या आद्य शिल्पकारांत त्याची गणना होते. घरची एक भाषा व व्यवहाराची दुसरी, हे त्याचे वैगुण्य ठरले नाही. त्याच बळावर त्याने एका जगाचे शहाणपण दुसऱ्या जगाच्या हाती दिले.

आपल्या अनेक घरांत दखनी, उर्दू किंवा कोकणी बोलली जाते आणि मूल शाळेत मराठी शिकते. "आमच्या मुलाची ना ही भाषा धड, ना ती," अशी खंत कित्येक पालक व्यक्त करतात. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते, की मुलाला एक भाषा सोडावयास लावू नका. दोन्ही पक्क्या करा. दोन्ही काठ ओळखणाराच नाव पार नेतो.

दुसरा धडा याहून कठोर आहे. बुर्जुयाचा पहलवी ग्रंथ आज उरलेला नाही. रूदकीच्या काव्याच्या काही तुटक ओळीच शिल्लक आहेत. पंचतंत्राची अगदी पहिली संस्कृत प्रतही हाती नाही. १९२४ साली एजर्टन या अमेरिकन पंडिताने तिचे मूळ रूप जुळविले, तेव्हा उपलब्ध संस्कृत पाठांबरोबर पहलवीवरून झालेल्या अनुवादांचाही त्याला उपयोग झाला. जे कोणी लिहून ठेवले, दुसऱ्या भाषेत नेले, तेच वाचले. बाकीचे काळाने गिळले.

दादी-नानीच्या कथांचेही असेच आहे. त्या कोणत्याही ग्रंथालयात नाहीत. ती माणसे गेली, की कथाही त्यांच्याबरोबर जातात.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुट्टीत एवढे करा. एक वही घ्या आणि घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीजवळ बसा. तिची एक गोष्ट तिच्याच बोलीत, तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. गोष्ट सांगणाराचे नाव, गाव व तारीख खाली लिहा. मग समोरच्या पानावर तीच गोष्ट स्वच्छ मराठीत लिहा. पालकहो, ती वही परीक्षेच्या गुणपत्रिकेइतकीच जपून ठेवा.