रेषेतील ऱ्हाइन : टर्नरच्या पेन्सिल-रेखाटनांचा अर्थ

रोमँटिक कालखंडातील चित्रकलेचा विचार करताना आपली दृष्टी बहुधा रंगसंपन्न, पूर्णावस्थेतील चित्रांवर स्थिरावते आणि त्यांच्या मागील पेन्सिलीची रेखाटने केवळ पूर्वतयारी ठरतात. जे. एम. डब्ल्यू. टर्नर (१७७५–१८५१) याच्या ऱ्हाइन-प्रवासाच्या वह्या या समजुतीचा फेरविचार करावयास लावतात.

ऑगस्ट १८१७ मध्ये टर्नर वॉटर्लूचे रणक्षेत्र पाहून ऱ्हाइनकाठी आला. कोब्लेंझ हे नगर आणि पैलतीरावरील एरेनब्राइटश्टाइनचा दुर्ग त्याने वहीत टिपला. या वह्यांत एकाच पानावर अनेक दृश्ये मांडलेली असतात. छायाप्रकाशाला तेथे फारसे स्थान नाही. आहेत त्या छपरांच्या, मनोऱ्यांच्या आणि कड्यांच्या त्वरेने ओढलेल्या बाह्यरेषा. याच टिपणांच्या आधारे त्याने पुढे सुमारे ५० जलरंगचित्रे सिद्ध केली आणि वॉल्टर फॉक्स या त्याच्या आश्रयदात्याने तो संचच विकत घेतला. ही चित्रे प्रवासातच रंगविली गेली, अशी आख्यायिका दीर्घकाळ प्रचलित होती. उत्स्फूर्ततेवरील रोमँटिक श्रद्धेला ती सोयीचीही होती.

परंतु या रेषांना इतिहासाचा काटेकोर संदर्भ आहे. फ्रेंचांनी १८०१ मध्ये माघार घेताना एरेनब्राइटश्टाइनचा दुर्ग सुरुंग लावून उद्ध्वस्त केला. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनंतर हा प्रदेश प्रशियाकडे गेला. १८१७ मध्येच दुर्गाची पुनर्बांधणी सुरू झाली आणि ती १८२८ पर्यंत चालली. म्हणजे टर्नरने पाहिलेला भग्नावशेष पुराणकालीन नव्हता. तो अवघ्या सोळा वर्षांपूर्वीचा होता आणि लवकरच नाहीसा होणार होता.

१८३५ मध्ये टर्नरने रॉयल अकॅडमीत याच दुर्गाचे तैलचित्र मांडले. त्याच्या शीर्षकात बायरनच्या 'चाइल्ड हॅरल्ड'चा आणि फ्रेंच सेनानी मार्सो याच्या समाधीचा उल्लेख आहे. प्रत्यक्षात दुर्ग नव्याने उभा राहून सात वर्षे लोटली होती. चित्रात मात्र तो भग्नच राहिला. बायरनच्या काव्याचा तिसरा सर्ग १८१६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्या काव्यातील भग्नतेने वास्तवातील नव्या तटबंदीवर मात केली.

यावरून रेखाटन खरे आणि तैलचित्र खोटे, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. प्रवासापूर्वी टर्नरने मार्गदर्शिकेतून टिपणे काढली होती; काय पाहावे हे काही अंशी आधीच ठरलेले होते. पेन्सिलीची रेषाही निवड करते, वगळते. फरक इतकाच की, रेखाटनात स्थळाला अजून अर्थ चिकटलेला नसतो. तो नंतर रंग, काव्य आणि स्मृती देतात. साहित्याच्या अभ्यासकाने अशा रेखाटनाकडे पाठभेदाच्या दृष्टीने पाहावे. अंतिम संहितेने काय राखले याइतकेच तिने काय काळाबाहेर नेऊन ठेवले, हे त्या पहिल्या पाठावरूनच कळते.