प्रेस ब्रेक ऑपरेटर

सपाट धातुपत्रा पंच आणि डाय यांच्यामध्ये दाबून सरळ रेषेत, ठरलेल्या कोनात वाकवणाऱ्या यंत्रावर काम करणारा कारागीर. कारखान्यात यंत्राला ‘बेंडिंग मशीन’ आणि त्याला ‘बेंडिंगवाला’ किंवा नुसते ‘ऑपरेटर’ म्हणतात. पत्राकामात त्याची जागा मधली असते. आधी लेसर, टरेट पंच किंवा शिअरिंगवर पत्रा कापला जातो. वाकवून झाल्यावर वेल्डिंग, पावडर कोटिंग आणि जुळणी होते. कापणाऱ्याची चूक त्याच्यापाशी उघडी पडते, त्याची चूक वेल्डरपाशी. विद्युत पॅनेल, लिफ्टच्या केबिन, बसच्या बॉडी, हॉटेलांतील स्वयंपाकघराचे साहित्य, कृषी अवजारे अशा अनेक उद्योगांना हे काम लागते. महाराष्ट्रात भोसरी, चाकण, वाळूज आणि नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत ते मोठ्या प्रमाणावर चालते. नाशिकला स्विचगिअर उद्योगामुळे पॅनेलच्या कामाचा भरणा अधिक.

यंत्र : वरच्या हलत्या तुळईला (रॅम) पंच आणि खालच्या स्थिर बेडला व्ही आकाराच्या खाचेची डाय बसवतात. यंत्राची क्षमता टन आणि लांबी अशी जोडीने सांगतात, उदा. ‘१०० टन, ३ मीटर’. जुनी यांत्रिक यंत्रे फ्लायव्हील आणि क्लचवर चालत. त्यांतील अनेकांत एकदा सुरू झालेला स्ट्रोक मध्येच थांबवता येत नसे. द्रवचालित यंत्रात रॅम कोठेही थांबवून मागे घेता येतो. ऑपरेटरच्या दृष्टीने या व्यवसायातील सर्वांत मोठा बदल हाच, संगणकीय नियंत्रण त्यानंतरचे. सीएनसी यंत्रात रॅमची दोन टोके (वाय-१, वाय-२) स्वतंत्रपणे हलतात आणि मागचा टेकू, म्हणजे बॅक गेज, पुढे-मागे (एक्स) व वर-खाली (आर) जातो. अनेक यंत्रांवर नेदरलँड्सच्या डेलेम किंवा स्वित्झर्लंडच्या सायबेलेक कंपनीचे नियंत्रक दिसतात. लहान कारखान्यांत मात्र केवळ बॅक गेज मोटरवर चालणारी आणि खोली हाताने लावायची यंत्रेही चालू आहेत.

कामाचे स्वरूप : बाहेरच्या माणसाला पेडल दाबणे एवढेच दिसते. खरे काम त्याआधी होते. ड्रॉइंग वाचून ऑपरेटर डाय निवडतो. सौम्य पोलादासाठी व्हीची रुंदी जाडीच्या ८ पट हा सर्वत्र रुळलेला नियम आहे. जाड प्लेटसाठी ती १० ते १२ पटीपर्यंत नेतात. २ मिमी, म्हणजे कारागिरांच्या भाषेत १४ गेज पत्र्याला १६ मिमीची व्ही लागते. अधांतरी वाकवण्यात (एअर बेंडिंग) आतली त्रिज्या पंचाच्या टोकावर फारशी अवलंबून नसते; सौम्य पोलादात ती व्हीच्या सुमारे १६ टक्के येते, म्हणजे येथे साधारण २.६ मिमी. ड्रॉइंगवर १ मिमी त्रिज्या लिहिणाऱ्या डिझायनरला हे ठाऊक नसते आणि ऑपरेटर त्याला बहुधा सांगतही नाही. सर्वांत लहान फ्लँजही (वाकवून उभी केलेली बाजू) व्हीवरूनच ठरते. ती व्हीच्या सुमारे ०.७ पटीहून आखूड असेल तर पत्र्याची कड खाचेत घसरते.

पुढचा हिशेब टनाचा. ८ पट व्ही धरली तर सौम्य पोलादाला दर मीटरला जाडीच्या (मिमी) साधारण ८ पट टन लागतात. २ मिमी पत्र्याची अडीच मीटरची घडी घालायला त्यामुळे सुमारे ४० टन लागतात, स्टेनलेस असेल तर त्याच्या दीडपट. अरुंद व्ही घेतली की दाब त्याच प्रमाणात वाढतो. आखूड तुकड्यावर संपूर्ण यंत्राचा दाब आला तर डाय फुटते, म्हणून अनुभवी ऑपरेटर एकूण टनांपेक्षा दर मीटरच्या टनांकडे पाहतो.

सपाट पत्र्याची लांबी (ब्लँक) काढणे हे काम आता बहुतेक ठिकाणी संगणकावर होते. वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते, त्यामुळे बाहेरून ५० मिमीच्या दोन बाजूंचा काटकोन हवा असेल तर २ मिमी पत्रा १०० मिमी कापून चालत नाही, तो सुमारे ९६.२ मिमी लागतो. प्रोग्रामरने धरलेली वजावट आणि यंत्रावरची खरी डाय जुळली नाही, तर बॉक्सची मापे प्रत्येक घडीगणिक चुकत जातात. व्ही बदलली की ब्लँक बदलावा लागतो, हे लेसरच्या टेबलापर्यंत कळवणे बहुतेकदा ऑपरेटरवरच येते.

घड्यांचा क्रम : या व्यवसायातले कौशल्य प्रामुख्याने येथे आहे. ज्यांना दोन फ्लँज पलीकडे काही वाकवावे लागत नाही, त्यांना ऑपरेटर म्हणावे की पेडलवाला, हा प्रश्न कारखान्यांत गमतीने विचारला जातो. कडेने आत वळलेल्या (रिटर्न) फ्लँजच्या पॅनेलमध्ये आधी बाहेरच्या लहान घड्या, मग मोठ्या, असा सर्वसाधारण क्रम असतो. तो उलटला तर शेवटच्या घडीला तयार झालेली बाजू पंचावर किंवा रॅमवर आदळते. अशा वेळी बकमानी पंच (गूजनेक) वापरतात. चारही बाजू उभ्या असलेल्या बॉक्सला तुकड्यांत कापलेला पंच आणि टोकाला कानाचे तुकडे लावतात, म्हणजे आधीच्या बाजूंना जागा मिळते. दुसरा मुद्दा टेकूचा. शक्यतो लेसरने कापलेली कड बॅक गेजला लावावी. वाकवलेल्या बाजूवरून माप घेत गेल्यास प्रत्येक घडीची चूक पुढच्या घडीत जमा होते. सीएनसी नियंत्रक पडद्यावर क्रम सुचवतो आणि आदळण्याची शक्यताही दाखवतो, पण एवढा मोठा पत्रा हातात कसा फिरवायचा, हे तो पाहत नाही. त्यामुळे सुचवलेला क्रम बदलण्याचे काम रोजचेच.

पहिला नग : क्रम ठरल्यावर ‘फर्स्ट पीस’ काढून कोन दोन्ही टोकांना आणि मध्ये असा तीन ठिकाणी मोजतात. टोके बरोबर आणि मध्य उघडा असेल तर बेड व रॅम दाबाखाली वाकले आहेत असे समजून क्राउनिंग, म्हणजे ते वाकणे भरून काढणारा बेडचा मधला उठाव, वाढवतात. एकच टोक उघडे असेल तर वाय-१ आणि वाय-२ यांतील फरक दुरुस्त करतात. दुरुस्ती फार बारीक असते. १६ मिमी व्हीमध्ये काटकोनाजवळ कोन एका अंशाने बदलायला पंच जेमतेम ०.१४ मिमी खाली न्यावा लागतो. पत्र्याच्या जाडीतला फरकही याच मापाचा असल्याने नवे बंडल उघडले की कोन पुन्हा तपासावा लागतो. दाब काढल्यावर पत्रा थोडा उलगडतो (स्प्रिंगबॅक). सौम्य पोलादात साधारण एक अंश, स्टेनलेसमध्ये दोन-तीन अंश. म्हणून काटकोनासाठी ८८ किंवा ८५ अंशांची हत्यारे ठेवतात.

रोलिंगच्या दिशेला समांतर घडी घातली तर बाहेरच्या बाजूला तडा जाण्याचा धोका वाढतो. कापताना कडेला राहिलेली धारदार बर घडीच्या आतल्या बाजूला ठेवावी. ५०५२ ॲल्युमिनियम सहज वाकते, ६०६१-टी६ लहान त्रिज्येत फुटते. खाचेच्या पट्ट्यात येणारी भोके लांबट होतात. यांपैकी बऱ्याच गोष्टी ड्रॉइंगवर लिहिलेल्या नसतात आणि नग बिघडल्यावर जबाबदारी मात्र ऑपरेटरवर येते. हे कितपत योग्य, याबद्दल डिझाइन विभाग आणि शॉप यांची मते वेगळी आहेत.

सुरक्षितता व कायदा : पंच आणि डाय यांच्यामध्ये बोटे सापडणे हा मुख्य धोका. दुसरा कमी बोलला जातो. वाकताना पत्रा वर उचलला जातो आणि वर ठेवलेली बोटे पत्रा व रॅम यांच्यात दबतात, म्हणून पत्रा खालून धरायला शिकवतात. लांब पत्र्याला हेल्पर लागतो. पेडल एकाकडे आणि हात दोघांचे, ही स्थिती विशेष धोक्याची. युरोपीय मानक ईएन १२६२२ नुसार संरक्षण नसलेल्या अवस्थेत रॅमचा वेग सेकंदाला १० मिमीपेक्षा अधिक असू नये. नव्या यंत्रांत पंचाच्या टोकाखाली लेसर किरणांचा पहारा असतो. लहान फ्लँजच्या कामात तो अडथळा वाटून बंद ठेवला जातो, अशी तक्रार सुरक्षा निरीक्षक करतात.

कायद्यात या यंत्राचे स्थान संदिग्ध आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ मध्ये धोकादायक भागांना कुंपण सक्तीचे होते. कलम २३ नुसार तरुण कामगारांना प्रशिक्षणाशिवाय धोकादायक यंत्रांवर लावता येत नसे. पण राज्यांच्या नियमांतील अशा यंत्रांच्या यादीत सामान्यतः ‘द्रवचालित वगळून इतर पॉवर प्रेस’ असे शब्द येत. अमेरिकेतही पॉवर प्रेसचा नियम (१९१०.२१७) प्रेस ब्रेकला स्पष्टपणे वगळतो. अपघातांच्या नोंदींत दोन्ही यंत्रे ‘प्रेस’ या एकाच शब्दाखाली जाण्याची शक्यता त्यामुळे राहते.

भरपाईचे कोष्टक मात्र नेमके आहे. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या पहिल्या अनुसूचीत कमाईच्या क्षमतेतील घट अशी दिली आहे : अंगठा ३० टक्के, अंगठ्याचे शेवटचे पेर २० टक्के, संपूर्ण तर्जनी १४ टक्के, तर्जनीची दोन पेरे ११ टक्के, एक पेर ९ टक्के, हाड न जाता नुसते टोक ५ टक्के, एका हाताची दोन बोटे २०, तीन ३० आणि चारही ५० टक्के. हा कायदा पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला. तर्जनीचे पेर गेलेला ऑपरेटर कोनमापक कसा धरतो, याचा विचार कोष्टकात नाही.

प्रशिक्षण : आयटीआयमधील ‘शीट मेटल वर्कर’ हा एक वर्षाचा व्यवसाय सर्वांत जवळचा. त्यात आखणी, पृष्ठविकास, रिव्हेट, डाखकाम यांवर भर असतो. सीएनसी बेंडिंग बहुतेक जण हेल्पर म्हणून लागून उस्तादाकडून शिकतात. यंत्र विकणारी कंपनी नियंत्रकाचे प्राथमिक शिक्षण देते.

वर्गीकरण : आंतरराष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात (२००८) पत्राकारागीर ७२१३ आणि धातुकामाच्या यंत्रांचे सेटर-ऑपरेटर ७२२३ या गटात येतात. भारताचे २०१५ चे राष्ट्रीय वर्गीकरण त्यावरच बेतलेले आहे. प्रेस ब्रेक ऑपरेटर कामाच्या वर्णनानुसार दोहोंपैकी कोठेही पडतो.

वेतन : हेल्पर, ऑपरेटर, सेटर अशी चढती श्रेणी, कंत्राटी नेमणुका सर्रास.

स्वयंचलन : यंत्रमानव असलेले बेंडिंग कक्ष आणि आपोआप हत्यारे बदलणारी यंत्रे उपलब्ध आहेत. एकाच नगाच्या मोठ्या संख्येला ती परवडतात. दहा-वीस नगांच्या, रोज बदलणाऱ्या पॅनेलच्या कामात हत्यारे लावणे आणि पहिला नग बसवणे अजून हातानेच होते.