तळटीप : आयोडीनची गोळी

१. ‘आयोडीनची गोळी’ : येथे पोटॅशियम आयोडाइड हा क्षार अभिप्रेत आहे. पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे १९६९पासून अणुवीज केंद्र चालू असून, अशा केंद्रात गंभीर अपघात झाल्यास किरणोत्सारी आयोडीन-१३१ हवेत मिसळू शकते; गळ्यातील अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, साधे व किरणोत्सारी आयोडीन असा भेद करीत नसल्याने तिला साध्या आयोडीनने आधीच भरून टाकणे, एवढेच या गोळीचे कार्य होय. प्रौढांची मात्रा १३० मिलिग्रॅम (त्यात सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन) असून ती संपर्काच्या किंचित आधी वा लगेच नंतर, शासकीय सूचनेनुसारच घ्यावयाची असते. आयोडीनयुक्त मीठ हा तिचा पर्याय नव्हे, कारण किलोमागे १५ मिलिग्रॅम या किमान प्रमाणाने तेवढ्या आयोडीनसाठी साडेसहा किलोंहून अधिक मीठ लागेल. चेर्नोबिलच्या अपघातात (१९८६) किरणोत्सारी आयोडीन गवतातून गाईच्या दुधात व दुधातून मुलांच्या शरीरात गेले. म्हणून गोवंशासाठी ख्यात असलेल्या, पण तारापूरपासून दूरच्या देवणीसारख्या भागात गोळीपेक्षा चारा व दूध यांची तपासणी अधिक मोलाची ठरेल.