वाहते पाणी आणि बदलते कायदे

इस्लामपूरच्या नळाला कृष्णेचे पाणी येते. नदी गावातून वाहत नाही, बहे-बोरगावच्या बाजूने जाते. म्हणून प्रदूषणाची बातमी आली की ती कऱ्हाडची किंवा सांगलीची आहे, असे आपल्याला वाटते. पण कऱ्हाड आपल्या वर आहे आणि सांगली खाली. वरच्यांनी सोडलेले आपल्याकडे येते, आपण सोडलेले ओढ्या-नाल्यांतून खालच्यांकडे जाते. या साखळीला कायद्यात बसवण्याचा प्रयत्न दीडशेहून जास्त वर्षे चालू आहे.

1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 277 होते. सार्वजनिक झऱ्याचे किंवा जलाशयाचे पाणी घाण करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. वाहती नदी या शब्दांत बसत नाही, असा अर्थ जुन्या निकालांनी लावला. म्हणजे विहिरीत घाण टाकणारा गुन्हेगार आणि नदीत टाकणारा मोकळा!

फिकहमध्येही वाहत्या पाण्याला वेगळा दर्जा आहे. साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास हदीसमध्ये मनाई आहे. वाहत्या पाण्यात नजासत पडली तरी रंग, वास किंवा चव बदलत नाही तोवर ते पाक मानले जाते. आपण यातले ‘वाहते पाणी पाक’ एवढेच लक्षात ठेवतो. पुढची अट कुणी सांगत नाही. उन्हाळ्यात कोयनेचा विसर्ग कमी झाला की कृष्णा किती वाहते, आणि नाला मिसळतो तिथे तिच्या पाण्याचा वास कसा येतो, हे काठावरच्या माणसाला विचारावे.

विसाव्या शतकात घाणीचे स्वरूपच बदलले. टोपलीचे संडास गेले, फ्लशचे आले. घरोघरी नळ आले. घरात येणाऱ्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असा नियोजनाचा हिशोब असतो. त्यामुळे नळयोजना वाढली की सांडपाणीही वाढणारच. पण नळाचे उद्घाटन होते, गटारीचे होत नाही.

या बाबतीत महाराष्ट्र देशाच्या पुढे होता. राज्याने 1969 मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि 1970 मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापले. केंद्राचा कायदा 1974 चा. तो महाराष्ट्राने 1981 मध्ये स्वीकारला. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. ‘प्रदूषण करणारा’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कारखान्याचे धुराडे येते. शहराच्या मैल्याची जबाबदारी मात्र नगरपालिकेवर आहे. पैसे नाहीत ही सबब तिला चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच मध्य प्रदेशातल्या रतलामच्या खटल्यात बजावले.

पुढे नियम एकाच दिशेने गेले नाहीत. नदीपासून कोणता उद्योग किती अंतरावर असावा, हे ठरवणारे नदी नियमन क्षेत्र धोरण राज्याने 2000 मध्ये आणले, 2009 मध्ये सुधारले आणि 2015 मध्ये रद्द केले. 2017 मध्ये केंद्राने सांडपाणी केंद्रांसाठी बीओडीची मर्यादा महानगरांना लिटरमागे 20 मिलिग्रॅम आणि इतरांना 30 ठेवली. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात, त्याचे हे माप. तो प्राणवायू संपला की मासे मरतात. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने या मर्यादा सैल ठरवल्या आणि त्या कडक करण्याचा आदेश दिला. 2024 च्या दुरुस्तीने जल कायद्यातल्या बहुतेक उल्लंघनांची कैद काढून 10 हजार ते 15 लाखांचा दंड ठेवला. सुरुवात हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपासून झाली. इतर राज्यांना ती ठराव करून स्वीकारता येते.

आणि नदीचे काय? केंद्रीय मंडळाच्या 2021 च्या आकडेवारीनुसार देशाच्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया 20,236 दशलक्ष लिटरवर होते. 2022 च्या यादीत देशातल्या 311 प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी 55 महाराष्ट्रात होते, म्हणजे सर्वांत जास्त. सांगलीचा शेरीनाला वर्षानुवर्षे कृष्णेत मिसळत राहिला. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ नदीत मेलेल्या माशांचा खच पडला आणि प्रकरण हरित लवादापुढे गेले.

हा इतिहास वाचताना मला एक गोष्ट जाणवते. मोजण्याची पद्धत प्रत्येक टप्प्यावर सुधारली. पण ज्याच्या नळात ते पाणी येते, त्याच्या हातात ते माप पोहोचले नाही.

शुद्ध केलेले सांडपाणी वापरायला आपल्याकडे लोक बिचकतात. सौदी अरेबियाच्या ज्येष्ठ उलमांच्या परिषदेने 1978 मध्येच त्यावर निर्णय दिला होता. प्रक्रियेने रंग, वास, चव पूर्ववत झाली तर ते पाणी पाक, त्याने वजूही होतो. आरोग्याच्या कारणाने पिणे मात्र टाळावे. जे वजूला चालते ते उसाला का चालू नये? शेरीनाल्याचे पाणी धुळगावच्या शेतीला देण्याची योजना याच विचाराची आहे.

तेव्हा पुढच्या निवडणुकीत मते मागायला कुणी दारात आले तर रस्त्यांबरोबर हेही विचारा: गावात रोज किती सांडपाणी तयार होते, त्यातल्या किती पाण्यावर प्रक्रिया होते, आणि बाहेर पडताना त्याचा बीओडी किती असतो? हे तीन आकडे नगरपालिकेच्या दारावर दर महिन्याला लागले पाहिजेत. सांगलीकरांनाही आपल्याकडून हेच हवे असणार.