कर्स ऑफ द वेअरवुल्फ, द
हॅमर या ब्रिटिश चित्रसंस्थेचा प्रसिद्ध भयपट (१९६१). मनुष्याचा लांडगा होतो, या प्राचीन यूरोपीय लोकसमजुतीवर तो आधारलेला आहे. दिग्दर्शक टेरेन्स फिशर. नायक लिओनची भूमिका ऑलिव्हर रीड यांनी केली. ही त्यांची पहिली प्रमुख भूमिका होय. रॉय अ‍ॅश्टन यांची रंगभूषा विशेष गाजली.

गाय एन्डोअर यांच्या द वेअरवुल्फ ऑफ पॅरिस (१९३३) या कादंबरीवरून कथा घेतली असली, तरी ती घडते अठराव्या शतकातील स्पेनमध्ये. स्पॅनिश धर्मन्यायपीठावरील एका नियोजित चित्रपटासाठी ब्रे येथील स्टुडिओत नेपथ्य उभारले होते. तो बेत रद्द झाल्यावर तेच येथे वापरण्यात आले.

द वुल्फ मॅन (१९४१) या अमेरिकन चित्रपटात शाप दंशातून जडतो. येथे त्याचे मूळ सरंजामी अन्यायात आहे. उन्मत्त उमराव एका भिकाऱ्याला अंधारकोठडीत डांबतो. तेथे तो पशुवत होतो. उमरावाला नकार देणाऱ्या मुक्या दासीलाही त्याच कोठडीत टाकले जाते. भिकाऱ्याने केलेल्या अत्याचारातून लिओन जन्मतो. प्रेयसीच्या सहवासात त्याच्यातील पशू शांत राहतो; परंतु तुरुंगात तिची ताटातूट होताच तो उफाळतो. अखेर पालनकर्ता पिताच त्याला चांदीच्या गोळीने ठार करतो. निरपराध्याच्या या शोकांतिकेमुळे चित्रपटाला भयापलीकडची करुण खोली लाभली.