ब्लूटूथ ते प्ले स्टोअर

बदलापूर लोकलचं वेळापत्रक मी उल्हासनगरच्या मोबाईलवाल्याकडून जावा फोनमध्ये भरून घेतलं होतं. मग डब्यातल्या चौघांना ब्लूटूथनं दिलं. परवानगी कुणाची? कुणाचीच नाही!

2008 मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर आलं, गुगलचं अँड्रॉइड मार्केटही. 2012 ला त्याचं गुगल प्ले झालं. बहुतेकांना दुकान तेवढंच माहीत. 18 सप्टेंबर 2020 ला पेटीएम तिथून काही तास गायब होतं. ऑक्टोबर 2022 मध्ये स्पर्धा आयोगानं बिलिंगच्या सक्तीबद्दल गुगलला 936.44 कोटींचा दंड ठोकला. अपिलात तो घटला. मार्च 2024 मध्ये शुल्काच्या वादात नौकरी डॉट कॉम, शादी डॉट कॉम काढलीच. सरकार मध्ये पडलं, परत आली. अंबरनाथच्या एखाद्या पोराच्या ॲपसाठी कोण पडणार? अँड्रॉइडवर निदान फाईल हातोहात देता येते. आयफोनवर आपल्याकडे तेही नाही.